निसर्गेतिहास-संग्रह व जैवविविधता-संशोधन

प्राणी, वनस्पती, जीवाश्म व खनिजे यांचे शास्त्रीय पद्धतीने जमविलेले, टिकविलेले आणि नोंदींसह जतन केलेले नमुने म्हणजे निसर्गेतिहास-संग्रह होय. संग्रहालयास भेट देणाऱ्यास काचेच्या कपाटांत मांडलेले वाघ, अजगर किंवा मोर दिसतात. परंतु हा संग्रहाचा अगदी लहान भाग असतो. संशोधनाचा संग्रह आतल्या दालनांत, बंद कपाटांत व खणांत ठेवलेला असतो आणि तो पाहण्यास फारसा आकर्षक नसतो. पक्ष्याचे कातडे कापूस भरून, पंख मिटवून, उताणे ठेवलेले असते. त्याला काचेचे डोळे बसविलेले नसतात. मासे, बेडूक व सरपटणारे प्राणी अल्कोहॉलच्या बरण्यांत, कीटक टाचण्यांवर आणि वनस्पती वाळवून जाड कागदावर चिकटविलेल्या अशा ठेवतात. वाळविलेल्या वनस्पतींच्या अशा संग्रहास वनस्पतिसंग्रह असे म्हणतात.

नमुन्याला जोडलेली चिठ्ठी हा नमुन्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. नमुना कोठे, कोणत्या दिवशी व कोणी मिळविला, त्या ठिकाणची उंची व परिसर कसा होता, नर की मादी, आणि संग्राहकाच्या नोंदवहीतील क्रमांक कोणता, एवढ्या गोष्टी चिठ्ठीवर असाव्या लागतात. चिठ्ठी हरवलेला नमुना ही केवळ एक कुतूहलाची वस्तू उरते. प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ‘स्थानिक’ एवढाच शब्द लिहिलेल्या माशांच्या बरण्या पाहिल्या आहेत. मासे उत्तम टिकले होते. पण ते कोणत्या नदीचे व कोणत्या वर्षीचे हे सांगणारे कोणी उरले नव्हते, त्यामुळे शिकविण्यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता. ज्या नमुन्याच्या आधारे एखाद्या जातीचे प्रथम वर्णन केले जाते व तिला शास्त्रीय नाव दिले जाते, त्यास प्ररूप नमुना म्हणतात. नावाविषयी पुढे वाद उत्पन्न झाल्यास अखेरचा आधार वर्णनातील शब्दांचा नसून या नमुन्याचा असतो.

एकोणिसाव्या शतकात संग्रहांचा हेतू मुख्यतः नामकरण व वर्गीकरण हा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. एखाद्या प्रदेशात पूर्वी काय होते, ते केव्हा नाहीसे झाले, बाहेरून काय आले आणि टिकून राहिलेल्या जातींत कोणता बदल झाला, या प्रश्नांची उत्तरे आज त्या प्रदेशात हिंडून मिळत नाहीत. ती जुन्या नमुन्यांतच शोधावी लागतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने उद्‌बोधक आहेत, कारण तेथील भूमीचे स्वरूप गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत दोनदा मुळापासून बदलले आहे आणि त्या परिसराशी निगडित असा एक फार जुना संग्रहही उपलब्ध आहे.

परिसर : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या तालुक्यांत वार्षिक पर्जन्य सु. ५० सेंमी. असून तोही अनिश्चित असतो. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा या नद्या असून त्यांचा संगम नीरा-नरसिंहपूर येथे होतो. कऱ्हा नदी बारामतीवरून वाहत जाऊन नीरेस मिळते. नद्यांच्या काठची काळी जमीन सोडल्यास मुरमाड माळ, खुरटी झुडपे व पावसाळ्यापुरते वाढणारे गवत हेच येथील मूळचे रूप होते. कुसळी, मारवेल, शेडा, पवना ही त्यांतील प्रमुख गवते होत. चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक, लावा हे प्राणी व पक्षी अशाच माळांवर राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले आणि कालव्याखालच्या पट्ट्यात पुढे उसाची शेती वाढली. दुसरा बदल उजनी धरणाने घडविला. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे, शेते व नदीचे मूळ पात्र बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, त्यावरून पूर्वीच्या काठाची कल्पना येते. भिगवणजवळच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी पाहण्यास आज दुरून लोक येतात. परंतु हे पक्षिवैभव धरणानंतरचे आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

साइक्स यांचा संग्रह : ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनचे सांख्यिकीय निवेदक म्हणून नेमणूक केली. गावांची लोकसंख्या, पिके, जमिनीचा आकार, हवामान यांची माहिती गोळा करणे हे त्यांचे काम होते. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांत (तत्कालीन कलेक्टोरेटांत) त्यांनी अनेक वर्षे प्रवास केला आणि त्या ओघात प्राणी, पक्षी व मासे जमविले. लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या कार्यवृत्तांत त्यांची दख्खनमधील सस्तन प्राण्यांची सूची १८३१ मध्ये व पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली; माशांवरील निबंध १८३९ व १८४१ मध्ये, दुसऱ्या वेळी चित्रफलकांसह, प्रसिद्ध झाला.

या सूच्यांतील नावे वाचताना पूर्व पुण्याच्या माळाचे चित्रच उभे राहते. चिंकाऱ्याचे शास्त्रीय नाव गॅझेला बेनेटी हे साइक्स यांनी १८३१ मध्ये दिलेल्या नावावरून आलेले आहे. भारतीय लांडग्याचे पॅलिपेस हे नावही त्याच सूचीतील असून त्याचा अर्थ ‘फिकट पायांचा’ असा होतो. खोकडाला त्यांनी कॅनिस कोकरी असे नाव दिले. ते पुढे मागे पडले, कारण त्या प्राण्याला आधीच दुसरे नाव मिळालेले होते. पक्ष्यांपैकी गॅलेरिडा देवा हा तुरेवाला चंडोल, पर्डिक्युला अरगुंडा हा माळावरील लावा, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव मिळालेला मोठा राखी सातभाई आणि कॅप्रिमल्गस महराटेन्सिस हा रातवा, ही सर्व नावे साइक्स यांची होत. शेवटच्या नावात मराठा देशाचा उल्लेख आहे. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. सु. ५.१४ चौ. किमी. क्षेत्राचे हे अभयारण्य मुख्यतः चिंकाऱ्यासाठी राखलेले आहे. म्हणजे आज बारामती तालुक्यात ज्या प्राण्याचे रक्षण केले जाते, त्याची शास्त्रीय ओळख दख्खनमध्येच मिळविलेल्या नमुन्यावर उभी आहे.

मात्र येथेच या संग्रहाची मोठी उणीवही दिसते. साइक्स यांच्या सस्तन प्राण्यांचे व पक्ष्यांचे मूळ स्थान बहुधा ‘दख्खन’ एवढेच नोंदलेले आहे. या शब्दाखाली चार जिल्हे येतात. त्यांनी वर्णन केलेला चिंकारा सुप्याच्या माळावरचा होता की खानदेशातला, हे त्या शब्दावरून ठरविता येत नाही. त्या काळात जातीला नाव देणे हेच उद्दिष्ट असल्याने गावाचे नाव लिहिण्याची गरज कोणास वाटली नाही. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने ही हानी भरून न येणारी आहे. साइक्स यांचा पक्षिसंग्रह लंडन येथील कंपनीच्या संग्रहालयात गेला. ते संग्रहालय मोडल्यावर १८७९ मध्ये तेथील प्राणिनमुने ब्रिटिश म्युझियमकडे आले. अशा स्थलांतरांत चिठ्ठ्या बदलणे, क्रमांक जुळेनासे होणे व नमुने गहाळ होणे हे प्रकार सर्वत्र घडलेले आहेत.

माशांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. स्थाने बऱ्याच प्रमाणात दिलेली आहेत, पण नमुने उपलब्ध नाहीत. साइक्स यांनी वर्णन केलेल्या अनेक जातींचे प्ररूप नमुने आज कोठेही सापडत नाहीत. शब्दांतील वर्णन, चित्रे आणि स्थाननिर्देश यांवरच भिस्त ठेवावी लागते. पुण्याजवळील मुळा-मुठा, शिरूरजवळील घोड आणि ‘पेअरगाव’ येथील भीमा ही त्यांची काही स्थाने होत. हे पेअरगाव म्हणजे भीमाकाठचे पेडगाव असावे, असे नकाशावरून व जुन्या इंग्रजी लेखनपद्धतीवरून दिसते. पेडगावाच्या खालीच भिगवणकडे जाणारा भीमेचा प्रवाह आहे. म्हणून इंदापूरच्या नदीत धरणापूर्वी कोणते मासे असतील, याचा जवळचा असा लिखित पुरावा हाच होय.

साइक्स यांच्या माशांच्या नावांत एक विशेष आढळतो. भोई व कोळी लोकांकडून ऐकलेली मराठी नावे त्यांनी फारसा फेरफार न करता शास्त्रीय नावांत घेतली. रोहटी हे तर संपूर्ण प्रजातीचेच नाव झाले असून रोहटी ओगिल्बी ही तिची एकमेव मान्य जाती कृष्णा व गोदावरी यांच्या खोऱ्यांत आढळते. गारा मुल्या मधील मळ्या, हिप्सेलोबार्बस कोलस मधील कोळस, रिटा गोग्रा मधील घोगरा, तसेच शिंगटी, नुक्ता व खुद्री ही नावेही अशीच जगभरच्या ग्रंथांत गेली आहेत. ही नावे भाषाभ्यासकांनाही उपयोगी आहेत. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने मात्र एक अडचण राहते. लोकभाषेतील एकच नाव दोन नद्यांवर दोन वेगळ्या माशांना असू शकते. केवळ नावावरून जात ठरविणे धोक्याचे असते.

हा धोका किती मोठा होऊ शकतो, याचे उदाहरण घोड नदीवरून वर्णन केलेल्या मुसुल्ला या माशाचे आहे. मूळ नमुना नसल्यामुळे विसाव्या शतकात हे नाव दक्षिणेकडील पाठीवर उंचवटा असलेल्या महसीर माशास लावले गेले व ते टोर प्रजातीत मोडले गेले. मूळ ठिकाणाच्या परिसरातील मासे पुन्हा गोळा करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दाखविण्यात आले की, साइक्स यांचा मासा महसीर नसून हिप्सेलोबार्बस प्रजातीतील आहे. परिणामी कावेरीतील उंचवट्याच्या महसीरास वैध नावच उरले नाही. २०१८ मध्ये तो मासा टोर रेमादेवी या जातीचा असल्याचे निश्चित झाले. दरम्यानच्या काळात लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढविलेला खुद्री महसीर, जो साइक्स यांनीच पुण्याच्या नद्यांवरून वर्णन केला होता, कावेरीत मोठ्या प्रमाणावर सोडला गेला होता आणि त्याने तेथील मूळच्या महसीरास मागे रेटले होते. सर्व महसीर सारखेच असे समजून केलेले हे ‘संवर्धन’ होते. कोणत्या नदीत मूळची कोणती जाती हे नमुन्यांवरून आधी पक्के झाले असते, तर या प्रयोगाविषयी निदान वेळीच शंका घेतली गेली असती.

खोट्या चिठ्ठीचा प्रश्न : नोंद नसण्यापेक्षा खोटी नोंद अधिक हानिकारक असते. महाराष्ट्रातील रानपिंगळ्याची कथा या संदर्भात प्रसिद्ध आहे. या घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळविले. त्यांतील शेवटचे १८८४ चे होते. त्यानंतरचा एकमेव नमुना रिचर्ड माइनरट्‌झहेगन यांच्या संग्रहात असून तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे चिठ्ठीवर लिहिलेले होते. या चिठ्ठीवर विश्वासून गुजरातेत शोध घेतले गेले व ते व्यर्थ ठरले. पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुन्याच्या कातड्याची भरणी, टाके व आतील कापूस तपासून दाखविले की, तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला नमुना असून चिठ्ठी बनावट होती. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणांकडे लक्ष वळविण्यात आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. ११३ वर्षांनंतर सापडलेला हा पक्षी दुर्बिणीइतकाच संग्रहालयातील खणांमुळे सापडला, असे म्हणण्यास हरकत नाही.

अभ्यासाच्या पद्धती : जुन्या नमुन्यांतून माहिती काढण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे मोजून १९६७ मध्ये दाखविले की, १९४७ च्या सुमारास ती एकाएकी पातळ झाली होती. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर नेमका तेव्हाच वाढला होता. अंडी जमविणाऱ्यांच्या मनात असा हेतू कधीच नव्हता. वनस्पतिसंग्रहांतील दोनशे वर्षांपूर्वीपर्यंतच्या पानांवरील पर्णरंध्रे मोजून एफ्. आय्. वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याबरोबर ती कमी झाल्याचे दाखविले. पिसांतील समस्थानिकांवरून पक्ष्याने पिसे कोठे टाकली याचा अंदाज येतो. डीएनए या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे शंभर वर्षांपूर्वीच्या कातड्यातूनही मिळतात. त्यासाठी पक्ष्याच्या बोटाखालील कातड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यांतून हे काम कठीण जाते.

बारामती–इंदापूरच्या दृष्टीने यांपैकी डीएनएचा अभ्यास विशेष निकडीचा आहे. दख्खनचा लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन व स्वतंत्र वंशांपैकी एक असल्याचे २००३ पासूनच्या अभ्यासांतून पुढे आले असून २०२१ मधील संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाने त्यास बळकटी दिली. दुसरीकडे पुण्याजवळच्या माळावरील एका प्राण्याची तपासणी करता तो लांडगा व कुत्रा यांचा संकर असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वस्त्या, कोंबड्यांची केंद्रे व उकिरडे वाढले की भटके कुत्रे वाढतात आणि माळावर लांडग्यांना जोडीदार मिळेनासा झाला की संकर होतो. हा संकर किती जुना आहे हे ठरविण्यासाठी संकरापूर्वीच्या लांडग्यांची कातडी व कवट्या हाच आधार होय. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (स्थापना १८८३) संस्थांच्या संग्रहांचे मोल अशा वेळी कळते. या सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण खानदेशापासून सुरू केले. त्यातील नमुन्यांवर साइक्स यांच्या काळापेक्षा कितीतरी नेमक्या चिठ्ठ्या आहेत.

नमुना टिकला असेल तर त्याची ओळख पुनःपुन्हा तपासता येते. कोरड्या माळांवरील पंख्यासारखा गळा असलेले सरडे दीर्घकाळ बव्हंशी एकाच जातीच्या नावाखाली ठेवले जात. टॉमस जर्डन यांनी १८७० मध्ये दख्खनवरून वेगळी जाती वर्णन केली होती. पण ती मानली जात नव्हती. संग्रहालयांतील बरण्या व नव्याने मिळविलेले सरडे यांची तुलना करून २०१६ मध्ये या गटाची नव्याने विभागणी झाली. जर्डन यांची जाती पुन्हा मान्य झाली व निळ्या-काळ्या-केशरी गळ्याच्या सरड्यांना ‘सरडा’ हे मराठी नावच प्रजातीचे नाव म्हणून मिळाले. जुन्या बरणीऐवजी वहीत केवळ पूर्वीच्या जातीचे नाव लिहून ठेवले असते, तर ती नोंद आज निरुपयोगी झाली असती.

वनस्पती : पुण्यातील विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य टी. कुक यांनी १९०१–०८ या काळात मुंबई इलाख्याची वनश्री प्रसिद्ध केली. तिच्यातील स्थाननिर्देश वनस्पतिसंग्रहांवर आधारलेले असल्याने ते ताडून पाहता येतात. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले. वनस्पतिसंग्रहाचा एक उपयोग म्हणजे बाहेरून आलेल्या तणांच्या प्रवेशाचा काळ ठरविणे. गाजर गवताची भारतातील नवी नोंद पुण्यावरूनच १९५६ मध्ये या केंद्रातील आर्. एस्. राव यांनी प्रसिद्ध केली. आज ते बारामती–इंदापूरच्या प्रत्येक रस्त्याकडेला आहे. गवतांकडे मात्र संग्राहकांचे दुर्लक्ष झालेले दिसते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पिढ्यान् पिढ्या सहली गेल्या. इंदापूरच्या माळावर, जेथे वर्षातील आठ महिने वाळके गवतच दिसते, तेथे थोडेच लोक थांबले.

या दुर्लक्षाचा परिणाम प्रशासनावर झाला आहे. जमिनीच्या वर्गीकरणात माळ ‘पडीक’ म्हणून दाखविला जातो. पडीक जमिनीवर झाडे लावणे हे चांगले काम समजले जात असल्यामुळे दख्खनमधील अनेक गवताळ पट्ट्यांत गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडे लावण्यात आली. झाडांची सावली पडली की गवत मागे हटते आणि चिंकारा व चंडोल यांनाही तेथे थारा राहत नाही. हा माळ जंगल तोडून झालेला नसून प्राचीन काळापासूनचा माळच आहे, हे सिद्ध करण्यासाठी गवतांचे, माळावरील चंडोलांचे व लाव्यांचे जुने नमुने हा प्रत्यक्ष पुरावा होतो. १८३२ च्या सूचीत माळाचेच पक्षी विपुल आहेत, ही गोष्ट त्या दृष्टीने बोलकी आहे. पण इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळाविषयी वाद निघाल्यास चार जिल्ह्यांना लागू पडणारा ‘दख्खन’ हा शब्द पुरेसा होणार नाही.

उजनीपूर्व भीमा : धरणामुळे वाहत्या नदीचे स्थिर जलाशयात रूपांतर झाले. खडकाळ तळ व वाहते पाणी लागणाऱ्या जाती अशा ठिकाणी मागे पडतात. त्यांच्या जागी सोडलेले व बाहेरून आलेले मासे वाढतात. भारतात १९५२ मध्ये आणलेला तिलापिया आणि त्याचे नंतर आलेले नातेवाईक आज उजनीच्या बाजारात ‘चिलापी’ या नावाने ढिगांनी येतात. यामुळे मच्छीमारांना उत्पन्न मिळते ही वस्तुस्थिती आहे व ती नाकारून चालणार नाही. प्रश्न असा की, चिलापीपूर्वी या पात्रात काय होते? पुणे शहराजवळच्या नद्यांतील माशांवर ए. जी. एल्. फ्रेझर यांचा लेख १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढेही तेथील याद्या होत राहिल्या, त्यामुळे मुळा-मुठेतील घट वर्षांनुसार मांडता येते. दौंडखालच्या भीमेला असे भाग्य लाभले नाही. साइक्स यांच्या पेअरगावपासून धरणाच्या बांधकामापर्यंत सु. दीडशे वर्षांचा काळ जातो. या काळातील चिठ्ठीयुक्त नमुने भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (स्थापना १९१६), नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या व परदेशांतील संग्रहांत जेथे असतील, तेथून ते शोधून एकत्र मांडणे हे काम नवीन सर्वेक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे. संग्रहांच्या नोंदी संगणकावर आणून खुल्या करण्याच्या कामास २००१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक जैवविविधता माहिती सुविधेमुळे गती आली. भीमा, बीमा, भीम अशा लेखनभेदांमुळे व पेअरगावसारख्या नावांमुळे या नोंदी नकाशावर बसविताना स्थानिक माहिती असलेल्या माणसाचीच गरज लागते.

मर्यादा : संग्रह म्हणजे निसर्गाची यथातथ्य गणती नव्हे. संग्राहक रस्त्याने, छावणीच्या आसपास आणि शिकारीच्या मोसमात हिंडत. मोठे व रंगीत प्राणी अधिक, कोळी, गोगलगाई व बारीक कीटक कमी जमविले जात. नरांची संख्या बहुधा मादींपेक्षा जास्त असते. म्हणून एखाद्या जातीचा नमुना नसणे म्हणजे ती जाती नव्हती असा अर्थ होत नाही. असणे मात्र निर्विवाद असते.

नव्याने नमुने मिळविण्यावर आज योग्य कारणांनी निर्बंध आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी मारता येत नाहीत व त्यांचे मृत अवशेषही परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे नव्याने शोध लागलेल्या जातीचे नमुने शासनाने नेमलेल्या भांडारसंस्थेत ठेवावे लागतात. छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यांनी बरीच गरज भागते. पण छायाचित्रातून डीएनए मिळत नाही, आतड्यातील खाद्य कळत नाही आणि सरड्याप्रमाणे जातीची विभागणी बदलली, तर फेरतपासणीही होत नाही. निसर्गप्रेमींमध्ये नमुन्यांविषयी जी नावड दिसते, ती समजण्याजोगी असली तरी तिचा परिणाम असा झाला आहे की, कित्येक तालुक्यांसाठी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचे पुरावे एकोणिसाव्या शतकापेक्षाही विरळ आहेत.

यावर एक मार्ग मृत सापडलेल्या प्राण्यांचा आहे. पुणे–सोलापूर महामार्गावर व बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांखाली खोकड, रानमांजर, साप, घुबडे व रातवे मरतात. विजेच्या तारांना लागून रोहितासारखे मोठे पक्षी मरण पावतात. वनखात्याच्या परवानगीने असे प्राणी गोळा करून शीतपेटीत ठेवता येतात व नंतर त्यांची कातडी, सांगाडा आणि अल्कोहॉलमध्ये स्नायूचा तुकडा असे तीन भाग जतन करता येतात. मच्छीमारांच्या जाळ्यात आलेल्या चिलापीखेरीजच्या लहान माशांना बाजारात किंमत नसते. भिगवण, पळसदेव व नीरा-नरसिंहपूर येथून दर ऋतूत असे दहा-वीस मासे घेऊन ते बरणीत ठेवण्यास खर्च अल्प येतो. स्थानिक महाविद्यालये हे काम करू शकतात, मात्र नमुन्यांचा एक भाग मोठ्या संग्रहात पाठवावा लागतो, कारण शिक्षक निवृत्त झाल्यावर अल्कोहॉल भरावयास कोणी नसले की बरण्या कोरड्या पडतात. चिठ्ठी पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने जाड कागदावर लिहून ती बरणीच्या आत माशाबरोबरच टाकतात. बाहेर चिकटविलेली चिठ्ठी ओलाव्याने निघून जाते. तिच्यावर तालुका, गाव, नदीचा काठ डावा की उजवा, अक्षांश-रेखांश, दिनांक, जाळ्याचा प्रकार, मच्छीमाराने सांगितलेले माशाचे नाव आणि संग्राहकाचा क्रमांक लिहितात.